लिंबू ताटात, बेसन वाटीत

वाचकांचे प्रश्न

मे महिना लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. गड्डा यात्रेच्या थंडीत ओठ फुटल्याचं विचारतात, पावसाळ्यात केसांचं, आणि आता उन्हाचं. आज सकाळी गच्चीवर ओला टॉवेल टाकला, खाली येऊन दोन घरची कामं उरकली आणि वर गेले तर तो कुरडईसारखा कडक झालेला. या दिवसांत सोलापुरात आपल्या कातडीचंही तेच होतं, एवढं ध्यानात ठेवून पुढची उत्तरं वाचा. बाळीवेशीजवळ आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी ३१ वर्षं पार्लर चालवलं. खुर्ची आता सुनेकडे आहे. पण हाताखालून गेलेले चेहरे आठवतात आणि सासूबाईंचं घरगुती औषधपाणीही आठवतं. दोन्हींतून जे पटलं, तेच लिहिते.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे. जुळे सोलापुरातून रोज गाडीवर कॉलेजला जाते. चेहरा आणि कोपरापर्यंत हात पार काळवंडलेत. ताईचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय. मोबाइलवर लिंबू, खायचा सोडा आणि टोमॅटो असा पॅक बघितला. लावू का? पंधरा दिवसांत गोरी होईन का?

उत्तर : बाळा, लावू नकोस. का ते सांगते, कारण हे माझ्या स्वतःच्या अंगावर झालेलं आहे.

माझं लग्न ठरलं त्या वर्षीच्या चैत्रातली गोष्ट. कुणीतरी सांगितलं म्हणून मी चेहऱ्याला लिंबाचा रस आणि मध लावला. रस पातळ झाला होता, हनुवटीवरून गळ्यावर ओघळला, तो तसाच राहिला. उरलेली फोड हातांवर चोळली. आणि गच्चीवर कुरडया राखायला बसले, दहापासून पार एक वाजेपर्यंत. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गळा चुरचुरायला लागला, तिसऱ्या दिवशी लाल पट्टे उठले, मनगटावर पाण्याचे दोन फोड आले. आठवड्याने लाली गेली आणि तिच्या जागी तपकिरी ओघळ उमटला. हनुवटीखालून निघून ब्लाउजच्या गळ्यापर्यंत, जिथून रस वाहिला होता नेमका तिथून, कुणी रंगाच्या काडीने काढावा तसा. लग्नात आईने तो पावडरने झाकला. पुरता जायला दिवाळी उजाडली.

आपल्या कागदी लिंबाच्या रसात आणि सालीत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन पडलं की कातडी भाजते आणि मागे डाग राहतो. सावलीत लावलं तरी लिंबू बरं नाहीच. आपल्या त्वचेचा सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आंबट बाजूचा. लिंबाचा २ च्या आसपास, खायच्या सोड्याचा ८ च्या वर. एक इकडे ओढतो, दुसरा तिकडे. त्वचेच्या वरच्या थरात जी थोडी स्निग्धता असते, जी आतलं पाणी धरून ठेवते, ती या ओढाताणीत जाते. मग ऊन आणखी लागतं. लिंबू वरणभातावर पिळावं, सोडा ढोकळ्यात घालावा. टोमॅटो कोशिंबिरीत राहू दे.

आता तुझ्या हातांचं. उन्हाने काळवंडणं म्हणजे मळ नव्हे, घासून निघायला. उन्हापासून आतल्या पेशी वाचवायला त्वचेने स्वतःवर धरलेली ती छत्री आहे. ऊन कमी झालं की छत्री आपोआप मिटते, त्वचेचा वरचा थर बदलायला महिनाभर लागतो. पंधरा दिवसांत अर्धा फरक दिसेल, तोही तू आजपासून झाकून घेतलंस तर. बाह्या लांब घाल, हातमोजे घाल, तोंडाला सुती ओढणी गुंडाळ, काळी नको, फिकी घे. आणि सनस्क्रीन विकतच आण. एसपीएफ ३० पुरे. तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन पूर्ण रेघा काढून होईल एवढं चेहऱ्याला आणि गळ्याला लागतं, मुली वाटाण्याएवढं लावतात आणि म्हणतात उपयोग नाही. बाहेरच असशील तर दोन तासांनी पुन्हा. घरात सनस्क्रीन करता येत नाही. खोबरेल, कोरफड, चंदन, कशातही ते बळ नाही. इथे स्वयंपाकघराचा हट्ट धरू नकोस.

स्वयंपाकघर कामाला येतं ते संध्याकाळी. दोन चमचे बेसन, एक चमचा ताजं, आंबट न झालेलं दही, लागलं तर पाणी. हातांना, चेहऱ्याला हलक्या हाताने लाव आणि पाच मिनिटांत, ओलं असतानाच धू. पार्लरमध्ये बायका पॅक खडखडीत वाळेपर्यंत बसायच्या. चेहरा ताणला की गुण आला असं वाटायचं त्यांना. तो ताण म्हणजे तुझ्याच कातडीतलं पाणी पीठ शोषून घेतंय. धुतल्यावर पुसू नकोस, टिपून घे आणि ओलसर हातांवर करडईच्या तेलाचे चार-पाच थेंब चोळ. करडई आपल्या जिल्ह्याच्या मातीतली, घाण्यावर ताजं तेल मिळतं. हलकं असतं, चिकटत नाही. तुझ्या वयात चेहरा तेलकट असेल तर तिथे एखादा थेंबच, आणि खोबरेल टाळ, त्याने काही जणींना पुटकुळ्या येतात.

आणि गोरी होशील का म्हणतेस, तर नाही. तुझा रंग जन्माचा आहे. कोपराच्या वर, बाहीखाली जो दिसतो तो तुझा रंग, तिथवर हात परत येतील. त्याच्या पुढे नेणारं काही माझ्याकडे नाही आणि असतं तरी तुला दिलं नसतं. ३१ वर्षांत मी खुर्चीवर बसून रडलेल्या मुली बघितल्यात, आणि त्यातल्या बहुतेकींना कुणीतरी घरातल्याच माणसाने रंगावरून बोललेलं असायचं. ताईच्या लग्नात तुझे हात मऊ असू देत, मेंदी छान रंगेल.

प्रश्न : आम्ही कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत राहतो. घरी तेलुगू बोलतो, मी मराठी शाळेत शिकले, लिहिताना चुकलं तर समजून घ्या. आई लहानपणापासून विड्या वळते. बोटांची टोकं काळी-पिवळी झालीत, चिरा पडल्यात. लग्नाकार्यात हात पदराखाली धरून बसते. घरात करण्यासारखं काही आहे का?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकही चूक नाही.

विडी वळणाऱ्या बाईचे हात दिवसभर दोन गोष्टींत असतात. ओला तेंदूपत्ता आणि कोरडी तंबाखू. पान भिजवलं नाही तर मोडतं, म्हणून बोटं सतत ओलसर, आणि ओल्या बोटांवर तंबाखूची भुकटी बसते. टोक दुमडताना सगळा जोर अंगठ्यावर आणि तर्जनीच्या नखावर. पानाचा डाग वर राहतो, भुकटी चिरेत आणि नखाखाली जाते. दर तासाला हात धुवायला आईला वेळ नाही हेही मला माहीत आहे, हजारावर मजुरी असते.

म्हणून दिवसातून दोनदाच, पण नीट. काम उठवल्यावर पाणी लावण्याआधी कोरड्या हातांना अर्धा चमचा कोणतंही खायचं तेल चोळायचं, नखांच्या कडांना जास्त. चिकट डाग तेलाने सुटतो, नुसत्या पाण्याने नाही. मग त्यावरच मूठभर हरभऱ्याचं किंवा मसुरीचं पीठ घेऊन दोन मिनिटं चोळायचं. पीठ तेलासकट डाग उचलतं, हळूहळू करड्या रंगाच्या वळ्या पडतात, त्या झटकून मग साबण. कपड्यांचा साबण नको, बायका हाताला तोच घेतात आणि चिरा वाढतात. लिंबाची फोड चोळू देऊ नकोस, चिरांत आग होईल, वर सांगितलेलं ऊन आहेच. रात्री भांडी झाल्यावर ओलसर हातांना खोबरेल किंवा साधी पेट्रोलियम जेली, आणि जुने सुती मोजे हातात घालून झोपायचं. आई पहिल्या रात्री हसेल. महिन्याने चिरा भरलेल्या दिसतील. पिवळेपणा मात्र काम चालू आहे तोवर पूर्ण जाणार नाही, फिका होईल.

एक गोष्ट रूपापेक्षा मोठी आहे. तंबाखूतलं निकोटिन ओल्या कातडीतून आणि चिरांतून अंगात जातं. कणीक तिंबण्याआधी, लहान मुलाला घेण्याआधी आणि जेवायच्या आधी हे हात धुणं व्हायलाच हवं. तंबाखूचं सूप चुलीपासून लांब ठेवा. मळमळ, डोकं जड होणं, बोटांवर पाणी भरलेले फोड असं काही असेल तर सिव्हिलला त्वचारोगाच्या ओपीडीत दाखवा.

आणि आईला माझा निरोप सांग. त्या हातांवर तू शिकलीस. पदराखाली घ्यायचे हात नाहीत ते.

प्रश्न : मुलतानी माती रोज लावली तर चालेल का? माझी त्वचा कोरडी आहे. (विजापूर रोड)

उत्तर : नाही. ती माती तेल शोषते, तुमच्याकडे शोषायला तेलच नाही. तेलकट चेहऱ्याने आठवड्यातून एकदा लावावी, गुलाबपाण्यात. तुम्ही दुधाची साय आणि बेसन घ्या.

प्रश्न : गेल्या आठवड्यात भाच्याची हळद झाली. हळद लावल्यावर तासाभरात त्याच्या गळ्यावर, दंडावर लाल पुरळ आलं. हळद तर औषधी म्हणतात, मग असं का? पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे, भीती वाटते. (मंगळवार पेठ)

उत्तर : ताई, भीती योग्य आहे, पण विधी सोडायची गरज नाही. हळद औषधी असली तरी ती प्रत्येकाला मानवतेच असं नाही, काहींना तिची स्वतःचीच ॲलर्जी असते. आणि दुसरं कारण जास्त वेळा दिसतं. सुट्ट्या, चकचकीत पिवळ्याधमक भुकटीत रंग मिसळलेला असतो. लग्नात ती हळद घसाघसा चोळतात, वर अत्तर घालतात, वर उन्हात मांडवात बसवतात.

हळकुंडं आणा आणि ओळखीच्या गिरणीत दळून घ्या. पाव किलो हळकुंडात दोन्हीकडच्या बायकांना पुरून उरेल. विकतची भुकटी असेल तर काचेच्या पेल्यात पाणी घ्या, वर चमचाभर हळद सोडा आणि ढवळू नका. चांगली हळद बरीचशी तळाशी बसते, पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी लगेच गडद पिवळं झालं तर ती अंगालाही नको आणि आमटीतही नको.

मग नवरीच्या कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागी, तीच हळद त्याच तेलात कालवून लावा. अर्ध्या तासाने धुवा आणि दोन दिवस वाट बघा. एका दिवसात कळत नाही, काहींना दुसऱ्या दिवशी उठतं. लाल झालं नाही, खाजलं नाही तर बिनधास्त. ही परीक्षा या पानावर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला लागू आहे, कोरफडीला तर नक्कीच. कोरफडीचं पान कापल्यावर जो पिवळा चीक गळतो त्याने खाज सुटते. पान कापून वाटीत दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवायचं, चीक निथळू द्यायचा, मग आतला पांढरा गर.

हळदीचा पिवळा रंग साबणाने काढायला जाऊ नका. साबण लागला की हळद लाल होते. चुन्याने तिचं कुंकू होतं, त्यातलीच ही गत. माझ्या आईचा नवा कोरा टॉवेल आम्ही बहिणींनी हळदीनंतर साबणात घातला आणि तो विटकरी झालेला बघून घाबरलो होतो. आई काही बोलली नाही. स्वच्छ पाण्यातून काढून तिने तो तसाच उन्हात टाकला, आणि दोन दिवसांत डाग उडाला. ऊन हळदीचा रंग खातं. अंगावरचा रंग काढायला तेल लावून बेसन चोळा, बाकीचा दोन-तीन आंघोळींत जातो.

प्रश्न : वय ५४, यंत्रमागावर ३० वर्षं काम. दिवसभर उभं राहून टाचांना भेगा, कधी रक्त येतं. बायको म्हणते मेणबत्ती वितळवून भर. शुगर आहे. काय करावं ओ?

उत्तर : दादा, पत्रात शुगरचं शेवटी लिहिलंत, ते पहिलं हवं होतं. मेणबत्ती नको. गरम काहीही नको. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, भाजलेलं कळत नाही आणि ती जखम लवकर भरत नाही. रक्त येतंय म्हणजे आधी डॉक्टरला पाय दाखवा, हे औषध नंतर.

ज्यांना शुगर नाही त्यांच्यासाठी सासूबाईंची रीत सांगते. कोकमाचं तेल. हे कोकमाच्या बियांचं, पांढऱ्या-पिवळट गोळ्यासारखं घट्ट असतं, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. सासूबाई रात्री चूल विझत आली की पळीत त्याचा बोराएवढा तुकडा ठेवायच्या, तो विरघळला की पळी खाली घेऊन हाताच्या मागच्या बाजूला थेंब लावून बघायच्या. सोसवेल एवढं कोमट झालं की कापसाच्या बोळ्याने भेगेत सोडायच्या. गार होताना ते भेगेतच गोठतं, बूच बसल्यासारखं. म्हणून ते इतर तेलांपेक्षा टिकतं. वर मोजा. लागोपाठ आठ-दहा रात्री.

दादा, तुमचे डॉक्टर हो म्हणाले की तुम्ही तेच तेल वितळवायचं नाही, नुसत्या हाताच्या उबेने मऊ करून लावायचं, नाहीतर पेट्रोलियम जेली. पाय कोमट पाण्याने नुसते धुवायचे, भिजत ठेवायचे नाहीत, पाण्यात मीठ-सोडा काही नको, पाणी किती गरम ते वहिनींच्या हाताने बघायचं. वज्रीने खरवडायचं नाही. कारखान्यात अनवाणी उभं राहायचं नाही, बंद टाचेची मऊ चप्पल घ्या. आणि रोज रात्री वहिनींना तळपाय बघायला सांगा. आपले आपल्याला दिसत नाहीत.

प्रश्न : नात झाली. अंगावर फार लव आहे. मी बेसनाच्या गोळीने चोळून काढते, डोळ्यांत काजळ घालते. सून आणि तिच्या डॉक्टरीणबाई नको म्हणतात. आमच्या मुलांचं आम्ही असंच केलं. तुम्ही सांगा. (बार्शी)

उत्तर : आजी, आधी अभिनंदन. आणि रागावू नका, या वेळी सून बरोबर आहे.

ती लव पोटातून येते आणि काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप गळते. आपल्या मुलांचीही तशीच गळली, आपण चोळत होतो म्हणून आपल्याला वाटलं गोळीने गेली. मीही माझ्या मुलाला चोळलं आहे. बाळाची कातडी आपल्यापेक्षा पातळ, पिठाने ती खरचटते, आणि कोरडं पीठ उडून नाकात जातं. काजळात शिसं असू शकतं, बोटाने डोळ्यात घातल्याने डोळे येऊ शकतात. तीट लावा, कानामागे किंवा तळपायाला. नाका-कानात तेलही नको. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकतं.

तुमच्या हाताचं काम कुणी काढून घेत नाहीये. मालिश तुम्हीच करा. आंघोळीआधी खोबरेल घ्या, जोर न लावता, तळव्याने. या उकाड्यात मात्र तेल अंगावर ठेवू नका, आंघोळीत कोमट पाण्याने निघू द्या, नाहीतर घामोळं येईल. घामोळं आलंच तर पावडरचे थर नकोत. सुती झबलं, थोडं उघडं अंग, गार फडक्याने टिपणं. त्याने दोन-तीन दिवसांत बसतं.

प्रश्न : गालांवर वांग होते म्हणून मैत्रिणीने एक ट्यूब दिली. दोन महिन्यांत चेहरा उजळला. आता लावली नाही तर आग होते, लाल होतो, पुटकुळ्या आल्यात, गालावर बारीक केस दिसतात. एखादा घरगुती पॅक सांगा. (नाव-गाव छापू नये)

उत्तर : पॅक सांगत नाही. या चेहऱ्याला आत्ता स्वयंपाकघरातलं काहीही लावायचं नाही, हळदही नाही, दहीही नाही.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. त्यात बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. डॉक्टर ते ठरावीक आजाराला, मोजून दिवस देतात. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, ऊन सोसत नाही, रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि सोडलं की चेहरा पेटतो. चेहरा पेटतो म्हणून माणूस पुन्हा लावतो. तुम्ही लिहिलंय ते शब्दन् शब्द तेच आहे. २०१८ साली सरकारने अशा मलमांवर चिठ्ठीशिवाय विक्री नको असा नियम केला, तरी ती हातोहात मिळतात.

माझ्याच खुर्चीत अशी एक मुलगी बसली होती. मला तेव्हा हे कळत नव्हतं. मी तिला चंदनाचा लेप लावला आणि ती कळवळून उठली, चेहरा धुताना तिच्या गालावर माझ्या बोटांचे ठसे लाल उठलेले मला दिसत होते. ते मला अजून दिसतात. त्यानंतर कुणाच्याही चेहऱ्याला हात लावायच्या आधी मी विचारायला लागले, ‘घरी काय लावतेस?’

याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, ट्यूब सोबत न्या, लाजून लपवू नका. एकदम बंद करायची की हळूहळू, ते त्यांना ठरवू द्या. तोवर साध्या पाण्याने धुवा, ऊन टाळा. वांग म्हणाल तर ते हार्मोन आणि उन्हाने येतात, बाळंतपणात, गोळ्यांनी. बटाटा, जायफळ उगाळून जाणारे नाहीत. त्यांना वेळ लागतो आणि सनस्क्रीन लागतं. त्या मैत्रिणीलाही सोबत न्या, बहुधा तीही लावत असेल.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी. शाम्पू करूनही केस चिवट, राठ. रिठा-शिकेकाईचं माप सांगाल का? (हिप्परगा)

उत्तर : सांगते, आणि तुमच्या पाण्याला तेच बरं. आपल्या काळ्या खडकातलं पाणी जड, त्यात साबणाचा चोथा होतो आणि तो केसांवर बसतो. रिठ्याच्या फेसाचा तसा चोथा होत नाही.

मध्यम केसांना आठ रिठे घ्या, फोडून बिया टाका, नुसती टरफलं. शिकेकाईच्या पाच-सहा शेंगा मोडून, एक चमचा मेथ्या. लिटरभर पाण्यात रात्री भिजवा, शक्य असेल तर लोखंडी कढईत, रंग गडद होतो. सकाळी मंद आचेवर पाऊण लिटर होईतो उकळा, गार झाल्यावर हाताने कुस्करा. कुस्करताना हातात गुळगुळीत फेस यायला लागला की झालं. जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळा, नाहीतर टरफलाचे कण केसांत अडकून बसतात. शाम्पूएवढा फेस येणार नाही, शोधू नका. डोळे गच्च मिटून डोकं मागे टाकून धुवा, रिठा डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. पोरांच्या डोक्याला वापरूच नका.

उरलेलं फ्रीजमध्ये दोन दिवस, तिसऱ्या दिवशी झाडाला घाला. पाण्यात कालवलेलं कुठलंच घरगुती औषध त्यापुढे ठेवू नये, वास येण्याआधीच ते खराब झालेलं असतं. कोंडा असेल तर त्यावर तेल थापू नका, कोंड्याची बुरशी तेलावरच वाढते, औषधाच्या दुकानातून केटोकोनाझोलचा शाम्पू आणा.

आणि नळाला पाणी येईल त्या दिवशी एक कळशी झाकून बाजूला काढून ठेवा. डोकं सगळं बोअरच्या पाण्याने धुवा, पण शेवटचे दोन तांबे त्या कळशीतले घ्या. केस वाळल्यावर बोटं कशी फिरतात ते मला पुढच्या पत्रात कळवा.